दोर सैल सोडू नका

आज बोलायचंय हप्त्याबद्दल. पण सुरुवात करू या फार लांबच्या एका डोंगरापासून.

मागच्या बैठकीनंतर चहा होईपर्यंत आम्ही मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. पांढऱ्याशुभ्र बर्फावर बायकांची लांबच लांब रांग आणि प्रत्येकीच्या कमरेला दोर. जून 2022 मध्ये 25 देशांतल्या 80 बायका अशा दोराला बांधून घेऊन स्वित्झर्लंडमधल्या ब्राइटहॉर्न डोंगरावर चढल्या. त्याची उंची 4,164 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवा!

मग आम्ही त्या डोंगराची आणखी माहिती काढली. ब्राइटहॉर्नला शिखरं पाच, एका ओळीत, आणि पाचही 4,000 मीटरच्या वर. त्या 80 जणी मुख्य शिखरावर गेल्या. पण काही जण वाटाड्या घेऊन पाचही शिखरं धारेवरून ओलांडतात. पूर्वेच्या टोकाला रोच्चा नेरा, म्हणजे काळा खडक, तिथून सुरुवात करायची आणि पश्चिमेला मुख्य शिखरावर यायचं. धार कुठे खडकाची, कुठे बर्फाची, आणि काही जागी जेमतेम पाऊल मावेल एवढी अरुंद. पावसात डोक्यावर भारा घेऊन शेताच्या बांधावरून आपण चालतो ना, तसं. फक्त इथे दोन्ही बाजूंना खोल उतार. हवाही विरळ, एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने साधारण 60 टक्केच प्राणवायू मिळतो.

तिथले वाटाडे परीक्षा देऊन तयार झालेले असतात. पूर्वी हे काम पुरुषांचंच होतं. 1986 मध्ये निकोल निकिल या स्वित्झर्लंडच्या पहिल्या महिला वाटाड्या झाल्या.

आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं त्या दोराने. आम्हाला वाटायचं, दोर बांधला की झालं, आता पडायची भीती नाही. तसं मुळीच नाही. हिमनदीवर बर्फाखाली भेगा असतात, तिथे दोघांमध्ये लांब अंतर ठेवतात, म्हणजे एक भेगेत गेला तरी दुसरा बाहेर राहतो. धारेवर आलं की अंतर कमी करतात. वाटाड्या दोर हातात धरतो आणि तो सैल पडू देत नाही. मागच्याचा पाय नुसता डगमगला तरी त्याच्या हाताला कळतं आणि तो तिथेच सावरतो. दोर सैल असेल तर माणूस आधी घसरतो, वेग घेतो, आणि मग दोराला हिसका बसतो. तोवर उशीर झालेला असतो. एक पडतो आणि दुसऱ्यालाही ओढतो.

हे वाचलं आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण आमच्या गटात हेच घडलं होतं.

आमच्यातली एक ताई दोन बैठकांना आली नाही. हप्ता मुलाच्या हाती पाठवला. आम्ही वहीत गैरहजेरीचा दंड लिहिला आणि पुढचा विषय घेतला. तिसऱ्या महिन्यात हप्ताही आला नाही. तेव्हा तिच्या घरी गेलो. कळलं की नवरा आजारी, आणि आमचे हप्ते भरायला तिने बाहेरून चढ्या व्याजाने पैसे उचललेत. कानातली फुलंही मोडली होती. आम्ही म्हटलं, "अगं, आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे?"

बायांनो, दोर आम्ही सगळ्यांनी बांधला होता, पण हातात कुणीच धरला नव्हता. हिसका बसला तेव्हाच कळलं, आणि तो साऱ्या गटाला बसला. आमचा सगळ्यांचा हप्ता अडला, बँकेच्या दारात खाली मान घालून उभं राहावं लागलं. मग बैठक घेऊन तिचा हप्ता निम्मा केला आणि मुदत वाढवली. बाहेरचं कर्ज ती अजून फेडते आहे. कानातली फुलं काही परत आली नाहीत.

आता आम्ही तीन गोष्टी ठरवल्यात, त्याही त्या धारेवरून शिकून.

पहिली, चाल सगळ्यात हळू चालणारीची. नवीन कर्ज ठरवताना जिची मिळकत सगळ्यात कमी, तिला आधी विचारायचं, "एवढा हप्ता झेपेल का?"

दुसरी, वाटाड्या चढताना पुढे असतो, पण उतरताना सगळ्यांच्या मागे, वरून दोर धरून. कर्ज मिळवायला अध्यक्ष आणि सचिव पुढे असतात, तशा फेडीच्या वेळी त्यांनी मागे राहणारीच्या सोबत थांबायचं.

तिसरी, त्या धारेवर मध्येच एक खिंड आहे, तिथून खाली उतरायची सोपी वाट आहे. दमलेल्याला तिथे वेळेवर "आता नाही जमत" म्हणता येतं, आणि त्यात कमीपणा नाही. आपल्या बैठकीतही तसं म्हणता यायला हवं. ते ऐकून कुणी तोंड वाकडं करायचं नाही.

येत्या बैठकीत एक करा. वही उघडण्याआधी हजेरी घ्या, आणि जी आली नसेल तिच्या घरी त्याच संध्याकाळी दोघी जणी जाऊन या. दंड नंतर लिहा. आधी विचारा, "बरी आहेस ना?"