कायदा आहे, राबवायचा कुणी?

नाशिकमध्ये हक्कांच्या अंमलबजावणीविषयी बोलायचं तर काळाराम मंदिराच्या दारापासूनच सुरुवात करावी लागते. २ मार्च १९३० ला तिथे सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लढवला, त्यात बायाही होत्या. दार उघडलं नाही. तेव्हा हातात कायदा नव्हता.

१९५६ साली मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. सार्वजनिक मंदिरात कोणत्याही वर्गातल्या हिंदूला अडवणं हा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. तरी पुढची साठ वर्षं त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात पुरुष सोवळं नेसून जात राहिले आणि बाया बाहेरूनच हात जोडत राहिल्या.

२०१६ मध्ये विद्याताई बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक शनिशिंगणापूरच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. नवा कायदा त्यांनी मागितलाच नाही. आहे तो सरकार का राबवत नाही, एवढंच विचारलं. १ एप्रिलला न्यायालयाने सांगितलं की या हक्काचं रक्षण हे सरकारचं कर्तव्य आहे, जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना तशा सूचना द्या. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. 'सरकार' म्हटलं की कुणीच सापडत नाही. जिल्हाधिकारी म्हटलं की कचेरी सापडते, अर्जावर पोच मिळते.

त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानाने मग काय केलं? पुरुषांनाही गाभारा बंद केला. झाली समानता! नंतर ओलेत्याने येण्याची अट आली. अडवाअडवी झाली, गुन्हा नोंदला गेला आणि अखेर २२ एप्रिलला काही स्त्रिया पोलीस बंदोबस्तात आत गेल्या.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायांचं गाभाऱ्यावाचून काही अडत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांचं अडतं पोटगीवाचून. हुकूम ट्रंकेत असतो, पैसे येत नाहीत. इथेही कायदा आपणहून चालत येत नाही. रक्कम थकली की वसुलीचा अर्ज आपणच करायचा, आणि तो एका वर्षाच्या आत. जुन्या कलम १२५ च्या जागी १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं १४४ आलं, पण ही मुदत तीच आहे. अर्ज आला की न्यायालय वॉरंट काढतं, तरीही पैसे भरले नाहीत तर कैद होऊ शकते. 'तुरुंगात जाऊन आलो, आता देणं फिटलं,' असं नवरा म्हणाला तर ऐकू नका. कैदेने थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगून ठेवलं आहे.