अर्धपोटी राहून तब्येत बनत नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं. मला विषय दिलाय ताटाचा. काही भाऊ चहाला उठताहेत ते दिसतंय मला. बसा थोडं, चहाचा हिशेबही यातच येणार आहे.

शहरात एक शब्द आहे, 'डाएटिंग'. तो आता आपल्या गावातही पोचला. पाहुणे बघायला येणार म्हणून पोरगी दोन महिने रात्रीची जेवत नाही. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं म्हणून पन्नाशीतला गडी दुपारची भाकरी सोडतो आणि गोड चहावर दिवस काढतो. आणि घरची बाई? तिला डाएटिंग कुणी सांगितलेलं नाही. ते लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून चालूच आहे. सगळ्यांचं झाल्यावर गंजात उरेल ते तिचं, वर सोमवार, चतुर्थी, एकादशी वेगळी.

अर्धपोटी माणसाचं काय होतं, याची एकदा रीतसर तपासणी झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण घेतले. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेली, या कामाला स्वतःहून आलेली मुलं होती ती. २४ आठवडे त्यांचं जेवण जवळजवळ निम्म्यावर आणलं. वजन चौथा हिस्सा उतरलं. ते उतरणारच होतं. पण चांगली हसतीखेळती पोरं चिडकी झाली, उदास झाली, कामात लक्ष लागेना, डोक्यात सारखं खाणंच. काहींनी तर स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करून वाचायला सुरुवात केली! पोटभर जेवण सुरू झाल्यावरही गाडी रुळावर यायला कित्येक महिने लागले.

आता आपल्या घरातली 'तापट' सून आठवा. तिच्या स्वभावाला नाव ठेवण्याआधी तिच्या ताटात काय पडलं ते एकदा बघा. रक्त कमी असलं की दम लागतो, हातपाय गळतात, कशात मन लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी शंभरात ५४ जणींचं रक्त कमी निघालं. आरोग्य केंद्रात बोटाला टोचून कळतं. बैलाला ढोरांच्या दवाखान्यात नेता, बाईलाही एकदा न्या.

मग खायचं काय? काही बदाम-पिस्ते आणायचे नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली ताटाचं माप सांगितलं : दिवसाला धान्य पाव किलो, तर डाळ-कडधान्य ८५ ग्रॅम. म्हणजे तीनास एक. हे बैठ्या माणसाचं माप. निंदणी-वेचणी करणाऱ्याला सगळंच जास्त लागतं, पण तीनास एक हे प्रमाण सुटू नये. आपल्याकडे चार भाकरी आणि वरण कशाला, तर भाकरी ओली व्हायला! ज्वारी चांगलीच आहे, पण तिच्या प्रथिनात जी उणीव असते ती तुरीच्या, मुगाच्या डाळीने भरून निघते. एकट्या भाकरीने नाही.

आणि कापूस खाता येत नाही, भावांनो. पूर्वी कपाशीत तुरीचं तास असायचं, धुऱ्यावर अंबाडी, चवळी, तीळ. आता सलग कपाशी नाहीतर सोयाबीन, आणि तूर झाली तरी ती खळ्यावरून थेट बाजारात. पाच माणसांच्या घराला ८५ ग्रॅमच्या हिशेबाने वर्षाला दीड क्विंटल डाळ-कडधान्य लागतं. तूर, मूग, हरभरा सगळं मिळून. तेवढं बाजूला काढल्याशिवाय मालाला काटा लावू नका.

भाजीचं म्हणाल तर पावसाळ्यात तरोटा, घोळ, चिवळ फुकट उगवते. मात्र फवारणीच्या कपाशीतली, तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरची भाजी तोडू नका. दारात एक शेवगा, एक लिंबू लावा. जेवणावर लिंबू पिळलं की अन्नातलं लोह अंगी लागतं. चहाने उलटं होतं. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको, एवढाच माझा चहाचा हिशेब.

उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यापेक्षा राजगिरा, शेंगदाणे, ताक, दूध घ्या.

शुगरवाल्यांना वेगळं सांगते. ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणजे साखर वाढत नाही, हा भ्रम आहे. भाकरी मोजूनच खायची. पण गोळी चालू ठेवून जेवण बंद, हे फार वाईट. घाम फुटतो, हात कापतात, माणूस भलतंच बोलायला लागतो, शेतात एकटा असला तर जिवावर बेततं. अशा वेळी आधी साखर-पाणी द्यायचं. शुद्धीत असला तरच द्यायचं. बेशुद्ध असला तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. उपवास करायचाच असेल तर गोळीचं डॉक्टरांना आधी विचारा.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. वरण-भाकरीने सोसायटीचं कर्ज फिटत नाही. ज्याचं मन पोटभर खाऊनही खचलेलं आहे, झोप उडाली आहे, त्याला 'नीट जेव' एवढं सांगून निघून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. १४४१६ हा सरकारचा फोन आहे, २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, दिवसा-रात्री केव्हाही लावा.

आता जेवणाची सूचना. भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी आहे. पहिली पंगत बायांची बसेल. वाढायला प्रत्येक तालुक्याचे चार-चार कार्यकर्ते लागतील, त्यांनी हात धुऊन मांडवाच्या मागच्या बाजूला यावं.