डॉक्टरांना किंमत विचारावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मोठे बोलणे मला येत नाही. घरात घडले तेवढेच सांगते.

आमच्या सासूबाईंना रक्तदाबाची गोळी रोज घ्यावयाची होती. तरी दाब उतरेना. डॉक्टरांनी गोळी बदलली, ती आधीपेक्षा महाग. वर चार तपासण्या उदगीरला करून आणा म्हणाले. मी विचारले, "डॉक्टरसाहेब, सगळ्याला किती लागतील?" ते म्हणाले, "ते तपासणीवाल्यांना विचारा, मला नेमके ठाऊक नाही." माणूस लबाड नव्हता, त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते.

घरी सासूबाईंची पिशवी आवरताना पाहते तो महिन्याच्या गोळ्या निम्म्या शिल्लक! त्या म्हणाल्या, "सोयाबीनला भाव न्हाई. लेकरावर किती भार घालू? मी दिवसाआड घेते." माझ्या डोळ्यांत पाणी आले. डॉक्टरांना गोळीची किंमत ठाऊक नाही, आम्हाला ती बोलण्याची लाज, आणि मध्ये म्हातारीचा जीव टांगलेला.

दुसऱ्या दिवशी त्या गोळ्या मी डॉक्टरांपुढे ठेवल्या. ते क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी जुनीच गोळी जेनेरिक नावाने लिहून दिली, रोज घ्या म्हणाले, आणि तपासण्या महिनाभर थांबविल्या. दाब उतरला.

भगिनींनो, विचारणे हा उद्धटपणा नव्हे. डॉक्टरांच्या २००२ सालच्या आचारसंहितेतच लिहिले आहे की, फी उपचाराआधी सांगावी, औषध जेनेरिक नावाने लिहावे, आणि रोगी पाठविल्याबद्दल कमिशन घेऊ नये. २०२१ च्या नियमांप्रमाणे आपल्या राज्यात खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक लावावयाचे आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत तपासण्या व उपचार निःशुल्क करण्यात आले.

म्हणून चार प्रश्न पाठ करा. ही तपासणी केल्याने उपचार बदलेल काय? ती आजच हवी काय? सरकारी दवाखान्यात होईल काय? हीच गोळी स्वस्तात मिळेल काय? आणि परवडत नसेल तर तसे स्पष्ट सांगा. गोळी मनाने कमी करू नका.

बैल घेताना आपले देवणीकर दात मोजतात, चार ठिकाणी भाव काढतात. दवाखान्यात मात्र आपण मान खाली घालतो. ती मान थोडी वर करू या, एवढीच विनंती करून मी माझे चार शब्द संपविते.