गाडी बसली, तरी खाली शिरू नका



आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून भाड्यानं चालवायला जुनी मोठी गाडी घेतली. बारामती-इंदापूर भाडी मिळू लागली. एके दिवशी सकाळी पाहतो, तर गाडी मागून बसलेली! मुलगा लगेच खाली शिरायला निघाला. आम्ही त्याला थांबवलं.

या गाडीला लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. कॉम्प्रेसर हवा भरतो, सेन्सर उंची पाहतो. माणसं बसून गाडी दबली, की हवा भरून ती पुन्हा सरळ होते. खराब वाटेवर बटण दाबून उंची वाढवता येते. पण उंच केलेली गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून तेव्हा हळूच चालवायची.

उभी गाडी रात्रीत बसली, तर बहुधा हवा गळत असते. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. पण हे काम मिस्त्रीचं. उरलेली हवा सुटली तर गाडी एकदम अंगावर येते. आपोआप उंची बदलणारी यंत्रणा बंद करून, जॅकशिवाय वेगळा भक्कम आधार लावूनच खाली जायचं.

आमच्या गाडीची एक पिशवी चिरली होती. खर्च मोठा आला, ताईंचा हप्ता थकला. गटानं सांभाळून घेतलं.

तेव्हा मैत्रिणींनो, अशी जुनी गाडी घेताना ती रात्रभर उभी ठेवा. संध्याकाळी आणि सकाळी चारही चाकांपाशी टेपनं उंची मोजा. आकडे जुळले, तरच कर्जाच्या कागदावर सही करा.

रामराम!