जपानी गाडीचे मूळपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून राणीसाहेबांचे चरित्र, नेवाळकरांची सुभेदारी, झाशीतील मराठी घराण्यांचा इतिहास असे विषय मांडले जावेत, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते आपणांस लाभलेले आहेत. आमच्या बाबतीत मात्र कार्यवाहांनी आवर्जून सांगितले, की मानिक चौकात आपल्या दारी जी जुनी गाडी उभी असते आणि सकाळी जिच्या आवाजाने निम्मी गल्ली जागी होते, तिच्याविषयीच बोला. विषय हलकाफुलका वाटेल. परंतु वडिलार्जित वस्तू सांभाळावी कशी, तिच्यात बदल करावा की नाही, आणि करावयाचा तर कोठवर, हा प्रश्न काही हलका नव्हे. तोच आज आपल्यापुढे ठेवण्याचे योजिले आहे.

जुन्या जपानी स्पोर्ट्‌स मोटारींचा शौक जगभर आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्यापैकी काहींच्या मुलानातवंडांनाही तो जडला असेल. या मोटारींच्या इतिहासात दोन नावे अग्रभागी येतात. पहिली टोयोटाची '२००० जीटी'. १९६७ साली ती विक्रीस आली आणि १९७० पर्यंत तिच्या अवघ्या साडेतीनशेच्या आसपास गाड्या तयार झाल्या. दुसरी निस्सानची. १९६९ साली निघालेली ही मोटार जपानात 'फेअरलेडी झेड' म्हणून ओळखली गेली, तर अमेरिकेत तिचे नाव 'डॅटसन २४० झेड' असे झाले. नावाबरोबर तिचे हृदयही बदलले होते. जपानात दोन लिटरांवरील इंजिनास कर जबर पडे, म्हणून तेथील सर्वसाधारण गाडीस दोन लिटरांचे इंजिन मिळाले, आणि परदेशी जाणाऱ्या गाडीस २.४ लिटरांचे. सांगाडा एक, घाट एक, परंतु घरची गाडी निराळी आणि बाहेरची निराळी. यांतील मूळ कोणती म्हणावयाची? हा प्रश्न आपण क्षणभर बाजूस ठेवू. त्याच्याकडे पुन्हा यावयाचेच आहे.

अशा मोटारी आपल्या बुंदेलखंडात कोठून येणार? तथापि टोयोटाची ती '२००० जीटी' सिद्ध करण्यात जिचा मोठा वाटा होता, ती यामाहा कंपनी मात्र निराळ्या रूपाने आपल्या दारी आली. मराठीत आपण दुचाकीलाही 'गाडी'च म्हणतो, त्यामुळे विषयांतराचा दोष आमच्याकडे येत नाही. यामाहाची कुळकथा आपल्यासारख्या संगीतप्रेमी समाजास रुचेल अशी आहे. १८८७ साली तोराकुसु यामाहा या गृहस्थांनी एका शाळेतील पायपेटी दुरुस्त केली, आणि पुढे ते स्वतःच पायपेट्या बनवू लागले. त्या कंपनीच्या बोधचिन्हात आजही तीन नादकाटे आहेत. १९५५ साली तिने पहिली मोटरसायकल काढली, ती जर्मनीतील डीकेडब्ल्यूच्या १२५ सी.सी. गाडीबरहुकूम. तेथून अठरा वर्षांत, म्हणजे १९७३ साली, तिने 'आरडी ३५०' ही गाडी जगापुढे आणली. ३४७ सी.सी.चे जोड सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन, ३९ अश्वशक्ती, पुढच्या चाकास डिस्क ब्रेक. चारचाकींत स्पोर्ट्‌स मोटारीचे जे स्थान, तेच दुचाकींत हिचे होते.

हीच गाडी एस्कॉर्ट्‌स कंपनीने १९८३ पासून 'राजदूत ३५०' या नावाने भारतात बनविली. त्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. आपल्या रस्त्यांचा आणि आपल्या खिशाचा विचार करून तिची शक्ती आधी ३०.५ आणि पुढे २७ अश्वशक्तीपर्यंत उतरविण्यात आली. डिस्क ब्रेक जाऊन तेथे ड्रम ब्रेक आला. एवढे करूनही ती पेट्रोल पीतच राहिली. १९८५ साली हीरो होंडाची फोर-स्ट्रोक गाडी आली, तिने थोड्या पेट्रोलात दूरवर जाण्याची सवय लोकांस लावली, आणि राजदूत ३५० शौकिनांपुरती उरली. तिची धाकटी बहीण 'आरएक्स १००' ही त्याच १९८५ साली आली व १९९६ पर्यंत टिकली. पुण्या-कोल्हापुराकडच्या मंडळींना तिची ओळख करून देण्याची गरज नाही.

आमच्या तीर्थरूपांनी १९८६ साली ही राजदूत ३५० घेतली. त्यांच्या पश्चात ती आमच्या नावावर झाली आणि आज ना उद्या आमच्या चिरंजिवांकडे जाईल. चिरंजीव पुण्यास असतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीस आले, तेव्हा त्यांनी तिचे नवे रूप कागदावर काढूनच आणले होते. पुढच्या चाकास डिस्क ब्रेक, जुन्या सायलेन्सरच्या जागी एक्स्पान्शन चेंबर, सिलिंडरमधील पोर्ट घासून रुंद केलेले आणि नवे कार्बोरेटर. आम्ही म्हणालो, "बाळ, आजोबांची गाडी आहे, ती मूळ रूपातच राहू दे." त्यावर त्यांनी जे उत्तर दिले, त्याने आम्हांस विचारात टाकले. ते म्हणाले, "बाबा, मी बदल करीतच नाही. जपानात हिला ३९ अश्वशक्ती होती, डिस्क ब्रेक होता. ते इथे काढून घेतले गेले. मी फक्त परत देतो आहे. मूळ तर ते आहे!"

मंडळी, मघाचा प्रश्न तो हाच. मूळ कोणते? जपानातील आराखड्यात होते ते, की १९८६ साली आजोबांच्या हाती आले ते? युक्तिवाद चोख होता, आणि तो नुसत्या 'जुने ते सोने' या म्हणीने खोडून काढण्यासारखा नव्हता. म्हणून आम्ही त्याचा विचार तीन अंगांनी केला.

पहिले अंग यंत्राचे. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे झडपांचे जंजाळ नसते. पिस्टन वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रे, म्हणजे पोर्ट, उघडतो आणि झाकतो. या गाडीत आत येणाऱ्या मिश्रणास पेटीच्या रीडसारख्या पातळ पट्ट्या वाट देतात आणि परत जाऊ देत नाहीत. जळलेला वायू बाहेर पडताना थोडे ताजे मिश्रणही त्याच्यामागून निसटते. एक्स्पान्शन चेंबरचा फुगीर व पुन्हा निमुळता होत जाणारा आकार दाबाची एक लाट उलट पाठवितो आणि ते निसटलेले मिश्रण सिलिंडरात परत ढकलतो. शक्ती वाढते ती यातून. परंतु ही लाट ठराविक वेगासच नेमकी वेळ साधते. पाइप बदलला की कार्बोरेटरचे जेट बदलावे लागतात. पेट्रोल कमी आणि हवा अधिक झाली तर पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरात घट्ट बसतो. शक्ती वाढली तर ब्रेक अपुरे पडतात. ब्रेक जबर झाला तर पुढच्या फोर्कवर भार येतो. एक बदल कधी एकटा येत नाही, तो आपले गोत बरोबर घेऊन येतो.

याचे प्रत्यंतर आमच्या परिचयातील एका गृहस्थांस आले. त्यांनी आपल्या अशाच गाडीस नवे पाइप बसवून घेतले. जेट बदलण्याचे कारागिराने मनावर घेतले नाही. कानपूरच्या रस्त्यास चिरगावच्या पुढे भरवेगात इंजिन जाम झाले आणि मागचे चाक जागच्या जागी थांबले. हाताने आपोआप क्लच ओढला गेला म्हणून ते गृहस्थ आज गळ्याच्या मोडक्या हाडाची गोष्ट सांगावयास आपल्यात आहेत. शौकाची किंमत पैशात मोजणारे पुष्कळ भेटतात. ती कधी कधी निराळ्या नाण्यात चुकवावी लागते.

दुसरे अंग कायद्याचे. केंद्र सरकारच्या सेवेत केस पिकल्यामुळे कागदाकडे आमचे लक्ष आधी जाते, याची आपण क्षमा करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरविलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते, ते वेगळेच. याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्यांत अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आमच्या गाडीस पन्नास वर्षे २०३६ साली पुरी होतील. म्हणजे आजच्या उत्साहात टाकलेली एक कानस दहाबारा वर्षांनंतरचे दार बंद करू शकते, आणि ते दार आमचे नसून चिरंजिवांचेच असेल.

तिसरे अंग कारागिरीचे. जपानी कंपन्यांना आपल्या जुन्या अपत्यांची आठवण उशिरा का होईना, झाली. निस्सानने १९९७-९८ च्या सुमारास अमेरिकेत जुन्या 'झेड' मोटारी गोळा करून, त्यांचा जीर्णोद्धार करून पुन्हा विकल्या. २०१७ पासून तिने जुन्या 'स्कायलाइन जीटी-आर'चे सुटे भाग पुन्हा बनविण्यास घेतले. टोयोटानेही २०२० साली '२००० जीटी'चे काही भाग नव्याने उपलब्ध केले. आपल्याकडे राजदूत ३५० चा भार जुन्या बाजारांवर आणि वृद्ध मिस्त्रींवर आहे. आमचा मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक इंजिनास आणि दुसरे कानास लावून कोणते बेअरिंग गेले ते सांगतो. त्याच्या मुलाने मोबाइल फोनांचे दुकान घातले आहे. हा कान ज्या दिवशी नाहीसा होईल, त्या दिवशी चुकीचा बदल मागे फिरविणारा कोणी उरणार नाही. त्याचा स्वतःचा दंडक एकच आहे, की जो भाग जसाच्या तसा परत बसविता येईल, तोच काढावा.

आम्हां पितापुत्रांत जो करार झाला, तो या दंडकावर उभा आहे. नोंदणीपत्रातील तपशिलास धक्का न लावणारे आणि पूर्ववत करता येतील असे बदल करावेत. त्याप्रमाणे जुन्या काँटॅक्ट पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आणि आता गाडी थंडीतही दुसऱ्या किकला उठते. नवे टायर आले. काढलेले पॉइंट तेलाच्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून ट्रंकेत ठेवले आहेत. ड्रम ब्रेक राहिला. मात्र त्याचे लायनर नवे घालून तो नीट जुळवून घेतला. सांगाड्यास करवत लावावयाची नाही, मूळ सिलिंडरांस कानस लावावयाची नाही आणि चासीवरील क्रमांकास हात लावावयाचा नाही, हे तीन निषेध दोघांनाही मान्य झाले. एक्स्पान्शन चेंबर बसले नाहीत. त्यास कायद्याइतकेच आमच्या गल्लीतील शेजारीही कारण आहेत. अरुंद गल्लीत, भिंतीला भिंत लागून घरे असताना, आपल्या शौकाचा आवाज दुसऱ्याच्या आजारी माणसाच्या उशाशी नेऊन सोडण्याचा अधिकार कोणास नाही.

वाद संपला असे मात्र समजू नये. चिरंजीव अजूनही म्हणतात, की २७ अश्वशक्तीची ही गाडी म्हणजे पंख छाटलेला ससाणा आहे. आमचे म्हणणे असे, की हे छाटलेले पंखच तिची झाशीतील जन्मखूण आहेत. जपानात ती अशी नव्हती हे खरे. परंतु आमच्या तीर्थरूपांनी मागे आईसाहेबांना बसवून ओरछ्यास रामराजाच्या दर्शनाला नेले, ते जपानातल्या गाडीवरून नव्हे, या गाडीवरून.

बंधुभगिनींनो, येथे आमच्या मनात आपल्या समाजाचा विचार आल्यावाचून राहत नाही. रत्नागिरीकडचे नेवाळकर येथे आले, त्यांच्यामागून कितीतरी घराणी आली. येथल्या हवेने, पाण्याने आणि बोलीने आपल्यात बदल घडविले. आपल्या मराठीत बुंदेली आणि हिंदी शब्द मिसळले. पुण्याचे पाहुणे ते ऐकून हसतात. पुण्याचीच मराठी तेवढी मूळ आणि आपली फेरफार केलेली, असे मानून आपण संकोच करू नये. आणि येथे जसे झाले तसेच ते बरे, असे म्हणून मुलांना लिहावाचावयास शिकविण्याचेही सोडू नये. गरजेने झालेला बदल हा इतिहास असतो. हयगयीने झालेली झीज भरून निघत नाही. घरात निदान एक पुस्तक, एक पत्र, एक आरती अशी असावी, की जिच्या आधारे पुढच्या पिढीला वाटल्यास मागे वळता येईल. ट्रंकेत चिठ्ठी लावून ठेवलेल्या पॉइंटचा उपयोग तोच आहे.

पन्नास वर्षांत या मंडळाने बरेच सुटे भाग बदलले असतील. सांगाडा शाबूत आहे, हे आजच्या उपस्थितीवरून दिसतेच. व्हिंटेज नोंदणीस ते आता पात्र झाले आहे. फरक इतकाच, की त्या गाड्यांना रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि या मंडळाने मात्र रोज रस्त्यावर धावत राहावे, अशी आपण सर्व मिळून प्रार्थना करू या.