टाकीचे बूच

आमच्या जुन्या घरी न्हाणीत तांब्याचा बंब होता. त्याची पितळी तोटी तीस वर्षांत कधी गळली नाही. त्या तोटीच्या भरवशावर मी माझ्या भाच्याला एक सल्ला दिला आणि तो त्याला चांगलाच महागात पडला. ती हकीकत आज सांगतो.

भाचा अमेरिकेत, मिशिगनमध्ये असतो. तिकडे चाकांवरचे घर घेऊन हिंडण्याची लोकांना मोठी हौस. गाडीतच चूल, बिछाना आणि न्हाणी. या गाडीला 'आर. व्ही.' म्हणतात. तिच्यात पाणी तापवण्याची टाकी असते. बहुधा 6 किंवा 10 गॅलनची, म्हणजे सुमारे 23 किंवा 38 लिटरची. टाकीच्या तळाशी एक बूच. थंडीत गाडी उभी ठेवायची, तर ते काढून टाकी रिकामी करावी लागते. नाहीतर आतल्या पाण्याचे बर्फ होऊन फुगते आणि टाकी फुटते.

भाच्याच्या टाकीचे बूच नायलॉनचे. त्याचे आटे झिजले, तेव्हा त्याने फोनवर विचारले, "मामा, कुठलं बसवू?" मी म्हटले, "अरे, प्लॅस्टिकचं कसलं बूच! चांगलं पितळेचं बसव. जन्माची काळजी मिटेल." त्याने तसे केले. दोन हिवाळ्यांनंतर बूच निघेना. पान्याला नळी अडकवून जोर केला, तेव्हा निघाले. पण टाकीचे आटे घेऊनच! बूच चार-दोन डॉलरचे, टाकी शेकडो डॉलरांची.

चुकले कुठे? टाकी अ‍ॅल्युमिनियमची होती. दोन निराळे धातू एकमेकांना टेकून पाण्यात राहिले, की त्यांच्यात बारीकसा विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि त्यांतला एक खंगत जातो. तांबे आणि पितळ जवळचे सोयरे, म्हणून आमचा बंब टिकला. पितळेशी गाठ पडली, की अ‍ॅल्युमिनियम झिजते. नायलॉन या भांडणात पडतच नाही. शिवाय कुणी पाना जास्त पिळला, तर आटे बुचाचे जातात, टाकीचे वाचतात. मी ज्याला कमकुवतपणा समजलो, ते त्याचे कामच होते.

मग सगळीकडे नायलॉनच बसवावे का? तेही नाही. तिकडे दोन नावे फार आढळतात. अ‍ॅटवुडची टाकी अ‍ॅल्युमिनियमची. तिला अर्ध्या इंचाचे नायलॉनचे बूच. सबर्बनची टाकी पोलादी, आतून चिनी मातीसारखा मुलामा दिलेली. तिचे बूच पाऊण इंचाचे आणि त्यालाच मॅग्नेशियमची लांब कांडी जोडलेली. ही कांडी स्वतः झिजते आणि पोलाद राखते. हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने 1824 साली जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा याच युक्तीने, जस्त आणि लोखंड जोडून राखून दाखवला होता. पाऊण हिस्सा कांडी झिजली, की नवी घालावी. तिथे नुसते बूच बसवले, तर ते गळणार नाही. पण टाकी आतून गंजत जाईल, आणि कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

म्हणून आधी टाकीवरची पाटी वाचावी आणि मग दुकानात जावे. बूच काढण्यापूर्वी हीटर बंद करून पाणी पुरते निवू द्यावे. पंप आणि बाहेरून येणारे पाणी बंद करावे, गरम पाण्याची तोटी उघडून दाब सोडावा. ऊन पाण्याच्या दाबाखाली बूच काढणे म्हणजे अंग भाजून घेणे. नवे बूच आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून आधी हातानेच फिरवावे. शेवटी पान्याचा हलकासा हिसका पुरे. टाकी भरल्याखेरीज हीटर लावू नये.

आपल्या घरच्या टाकीच्या गीझरमध्येही पुष्कळदा अशीच कांडी असते. ती कधी पाहिली होती, हे एकदा घरात विचारा.

भाच्याने नवी टाकी बसवली आहे. बरोबर नायलॉनची दोन बुचे घेतली. एक लावायला, एक जवळ ठेवायला. या वेळी त्याने मामाला विचारले नाही, आणि मलाही त्याचे वाईट वाटले नाही.