अपुऱ्या शिक्षेविरुद्ध अपील



आरोपी दोषी ठरला, त्याला शिक्षा झाली, आता आपले काम संपले, अशा समजुतीने आपली माणसे कोर्टातून घरी परततात. ही समजूत घातक आहे. दोष सिद्ध होणे ही एक गोष्ट आणि दोषाच्या मानाने शिक्षा होणे ही दुसरी गोष्ट होय.

१८९८ च्या फौजदारी संहितेत शिक्षा अपुरी म्हणून अपील करण्याची तरतूद सरकारसाठीही नव्हती. १९७३ च्या संहितेने कलम ३७७ अन्वये ती केली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४१८ मध्ये आहे. शिक्षा मॅजिस्ट्रेटने दिली असेल तर अपील सेशन्स कोर्टात, अन्य कोर्टाने दिली असेल तर हायकोर्टात चालते.

परंतु ध्यानात ठेवा, हा अधिकार सरकारचा आहे. आरोपी सुटला, कमी गुन्ह्याखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर २००९ पासून पीडिताला स्वतः अपील करता येते. केवळ शिक्षा अपुरी या कारणावरून येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हेच स्पष्ट केले.

सरकारने अपील केले नाही तर काय होते? २००६ साली मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फूटपाथवर झोपलेले सात मजूर मोटारीखाली ठार झाले. सेशन्स कोर्टाने चालकास सहा महिन्यांची साधी कैद दिली. २००७ मध्ये हायकोर्टाने त्यास सदोष मनुष्यवधाखाली दोषी धरून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. आरोपी सुप्रीम कोर्टात गेला. २०१२ मध्ये त्या कोर्टाने म्हटले की तीन वर्षेही फार अपुरी आहेत. पण सरकारचे अपील नसल्यामुळे शिक्षा वाढविण्याचा विचार आम्ही करीत नाही. देशातील सर्वोच्च न्यायासनाला शिक्षा अपुरी वाटली, तरी ती तेवढीच राहिली!

म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेसाठी अर्ज करा. सरकारी वकिलास आणि जिल्हाधिकाऱ्यांस लेखी विनंती द्या, पोच घ्या. अपिलाची मुदत हायकोर्टासाठी ६० दिवस, सेशन्स कोर्टासाठी ३० दिवस आहे. नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो; आपल्या आळसाचा काळ वगळला जात नाही.

खटला अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा असेल, तर विशेष कोर्टाच्या निकालाविरुद्ध अपिलासाठी कलम १४-अ मध्ये ९० दिवसांची मुदत आहे. शिवाय कलम १५-अ अन्वये शिक्षा ठरविताना पीडितास आपले म्हणणे मांडता येते. तो प्रसंग दवडू नका. तुम्ही बौद्ध झालात, आता हा कायदा तुम्हांला नाही, असे कोणी सांगितल्यास फसू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींत स्थान दिले आहे.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. असे अपील आले की आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते, आणि तो निर्दोष सुटकाही मागू शकतो. वरिष्ठ कोर्टाला थोडी अधिक शिक्षा योग्य वाटली असती, एवढ्याने शिक्षा वाढत नाही. ती उघड उघड अपुरी दिसावी लागते. तेव्हा अर्जात संताप लिहू नका. जखमा, साक्षी, पुरावे आणि कायद्याने ठरविलेली शिक्षा लिहा.

आपल्याला सूड नको आहे. आपल्या माणसाच्या जिवाची आणि अब्रूची किंमत इतरांच्याइतकीच धरली जावी, एवढेच आपले मागणे आहे. ते मुदतीच्या आत, लेखी आणि पोच घेऊन मागा.